ख्मेर फॉन्ट्सचं पॅकेज केलं, डबे गेले, पण कंबोडियातला युजर म्हणतो अजून चुकीचंच दिसतंय

काना_मात्रा
मंडळी जरा अडलोय. एका छोट्या लिनक्स डिस्ट्रोत (लिनक्सची तयार आवृत्ती) मी हौसेने फॉन्टची पॅकेजेस सांभाळतो, देवनागरी, बंगाली, तमिळ झाली, त्यात फारसं डोकं लावावं लागलं नव्हतं. मग कंबोडियातल्या एका युजरने बग टाकला की इन्स्टॉल केल्यावर ख्मेर मजकुराच्या जागी सगळीकडे चौकोनी डबे दिसतात. म्हटलं सोपंय, फॉन्ट टाकला की डबे गेले.

तर मी काय केलं, खमेर ओएस या ख्मेर फॉन्टसंचाचे सगळे टीटीएफ, म्हणजे फॉन्टच्या फाईली, उचलले (मुओल, बोकोर, फास्टहँड, सिएम रीप, होते तेवढे), गूगल फॉन्ट्सवरचे दान हाँग या फॉन्टकाराचे ओएफएलवाले (ओएफएल म्हणजे फॉन्टसाठीचं मोकळं लायसन्स) उचलले, वर नोटो सान्स ख्मेर, आणि सगळं एकाच पॅकेजात कोंबलं. डबे गेले हे खरं. पण आता हे नवीन सुरू झालंय:

आधी माझ्याच मशीनवर मेन्यूतली इंग्रजी अक्षरं बदलली, ती खमेर ओएसमधल्या लॅटिनमधे दिसायला लागली, बुटकी आणि विचित्र. कारण फॉन्टकॉन्फिगच्या (कुठे कोणता फॉन्ट वापरायचा ते ठरवणारी यंत्रणा) फाईलमधे मी सान्ससाठी, म्हणजे मेन्यूतल्या साध्या वळणासाठी, खमेर ओएस सरळ प्रीपेंड केला होता, यादीत सगळ्यात पुढे, कसलीही अट न घालता. मग अट घातली की भाषा ख्मेर असेल तरच. लॅटिन सुधारलं पण ख्मेरवर काहीच परिणाम नाही, उलट त्या युजरने स्क्रीनशॉट पाठवला त्यात अख्खं वेबपेज जाड नक्षीदार अक्षरात, तो म्हणे 'सगळं पान ओरडतंय'. शिवाय फाईल मॅनेजरमधे अक्षरांचा खालचा भाग कापला जातो. त्यावर मी एका ओएफएल फॉन्टमधे फॉन्टफोर्जने (फॉन्ट बदलायचा प्रोग्रॅम) डिसेंट, म्हणजे अक्षराखाली सोडायची जागा, वाढवून दिला, तरी कापतंच आहे.

मला ख्मेर ओ की ठो वाचता येत नाही हे मोठं दुखणं. मला सगळं बरोबरच दिसतं. अटीचा तुकडा असा आहे: टेस्ट, नेम लँग, कम्पेअर कंटेन्स, स्ट्रिंग केएच. कुठे चुकतंय?

---

ओळीत_बसेना
चूक तूच शेवटच्या ओळीत लिहिलीयेस. केएच हा देशाचा कोड. भाषेचा कोड केएम. फॉन्टकॉन्फिगला केएच नावाची भाषाच माहीत नाही, त्यामुळे तुझी अट जन्मात खरी होणार नाही आणि ती एररही देणार नाही, गुपचूप बसेल. टर्मिनलमधे फॉन्टची यादी देणाऱ्या एफसी-लिस्ट ला कोलन लँग बरोबर केएच देऊन बघ, काही येणार नाही, मग केएम दे, धबधबा येईल.

आणि ते 'ओरडणारं पान' त्याचाच परिणाम. नियम लागू होत नाही म्हटल्यावर फॉन्टकॉन्फिग ख्मेर अक्षरं असलेला हाताला लागेल तो फॉन्ट उचलतं, तुझ्या पॅकेजात डझनावारी पडलेत, त्यातला मुओल लागला त्याच्या हाताला. मुओल म्हणजे गोल जाड वळणाचं लिखाण, ते मथळ्यांना, पाट्यांना, पुस्तकाच्या कव्हरला वापरतात. रोजच्या मजकुराला उभं किंवा तिरकं साधं वळण असतं. अख्खी बातमी मुओलमधे म्हणजे सात कॉलमी हेडलाइनच्याच टायपात आतला मजकूरपण छापल्यासारखं, ओरडणारच ना ते.

फॉन्टकॉन्फिगच्या फाईलचा नंबर काय दिलायस? त्या नंबरच्या क्रमाने वाचल्या जातात. ६०-लॅटिनच्या आधीचा असेल तर तो हलव, ६५च्या घरात ठेव, नॉनलॅटिनची यादी तिथेच असते. प्रीपेंड, स्ट्राँग बाइंडिंग असला दांडगेपणा नको, साधा अलियस आणि प्रेफर (या नावासाठी आधी हा फॉन्ट बघ, एवढंच सांगणारा नियम) पुरतो.

---

टोफूशत्रू
दान हाँग आणि खमेर ओएसच्या फॉन्टची नावं बघितली का कोणी, फॉन्टचा मेन्यू उघडला की कंबोडियाचा नकाशाच पसरतो समोर. बट्टमबांग आणि सिएम रीप प्रांत, बोकोर डोंगर, कूलेन डोंगर, दांगरेक रांग, बायोन, ता प्रोम, प्रेह विहेअर ही मंदिरं. मी ती नावं आधी फॉन्ट म्हणून शिकलो आणि मग भूगोल म्हणून 😄

कामाचं काही नाही, चालू द्या.

---

काना_मात्रा
केएम केलं आणि चाललं. दोन संध्याकाळी गेल्या माझ्या यात. आणि मी केएच का लिहिलं ते पण आत्ता सापडलं, कीबोर्ड लेआउटचं नाव केएच आहे! लेआउट देशाच्या नावाने आणि भाषा भाषेच्या नावाने, मी आदल्याच दिवशी कीबोर्डचं काम केलेलं, तेच बोटात राहिलं.

पण खालून कापलं जाणं तसंच आहे. डिसेंट वाढवूनही. का?

---

ओळीत_बसेना
कारण तू चुकीच्या फॉन्टचा डिसेंट वाढवलायस. फाईल मॅनेजरच्या रांगेची उंची कोणावरून ठरते? काही टूलकिट (खिडक्या, मेन्यू काढणारी लायब्ररी) मुख्य फॉन्ट बघतात, म्हणजे तुझा मेन्यूंचा लॅटिन यूआय फॉन्ट. ख्मेर अक्षरं येतात फॉलबॅकमधून, म्हणजे मुख्य फॉन्टमधे नाहीत म्हणून घेतलेल्या दुसऱ्या फॉन्टमधून, त्या पाहुण्याला यजमानाच्या उंचीच्या खोलीत झोपायला लागतं, पाय बाहेर. आणि ख्मेरमधे 'पाय' हा शब्दच आहे, खाली लागणाऱ्या जोड व्यंजनाला चेअंग म्हणतात, चेअंग म्हणजे पाय. आपलं जोडाक्षर बऱ्याचदा आडवं सरकतं, अर्धा त, अर्धा स, आणि पुढचं अक्षर शेजारी. ख्मेरमधे दुसरं व्यंजन सरळ खाली जातं, आणि उकार आला तर तो त्याच्याही खाली.

टेस्ट करायची तर 'कम्पुचिआ' हा शब्द घे, देशाचंच नाव. टाइप करताना क, म, मग पाय करणारं चिन्ह, मग प, मग उकार, पुढे च आणि काना. आता म बघ: म खाली प चा पाय, त्या पायाखाली उकार. तीन मजले. हा शब्द रांगेत पूर्ण दिसला तर बाकी बरंचसं दिसेल. न दिसला तर फॉन्टमधे कितीही आकडे बदल, ख्मेर लोकेलमधे (सिस्टिमची भाषा ख्मेर असताना) यूआयचा मुख्य फॉन्टच ख्मेर यायला हवा, म्हणजे रांगेची उंची त्याच्यावरून मोजली जाईल. केएम दुरुस्त केलंस म्हणजे निम्मं काम झालं, आता लॉग आउट करून ख्मेर लोकेलमधे लॉगिन करून बघ, इंग्रजी सेशनमधे बसून नको.

आणि तो फॉन्टफोर्जवाला फॉन्ट पॅकेजातून आधी काढ. का ते कोणीतरी लायसन्सवाला सांगेलच, इथे एक आहे.

---

कलम_कसाई
हाक मारलीत, आलो.

ओएफएल १.१ ची फाईल उघड, वरच कॉपीराइटच्या ओळीत 'विथ रिझर्व्ड फॉन्ट नेम' असं काही लिहिलंय का बघ. लिहिलं असेल तर तू बदललेला फॉन्ट त्याच नावाने वाटू शकत नाहीस, लेखी परवानगी घेतल्याशिवाय. एक आकडा बदललास तरी तो बदलच. लिहिलं नसेल तर नाव ठेवता येतं पण तरी ठेवू नये असं माझं मत, कारण उद्या त्या युजरने डॉक्युमेंट दुसऱ्या मशीनवर उघडलं की तिथे मूळ फॉन्ट असणार, ओळींची उंची वेगळी, पानं सरकणार, आणि दोन्हीकडे नाव एकच, मग बस शोधत. डिसेंट चुकीचाच असेल तर मूळ प्रोजेक्टला कळव, तिथे दुरुस्त झालं की सगळ्यांचं होतं.

खमेर ओएस एलजीपीएल या दुसऱ्या मोकळ्या लायसन्सखाली आहे. तिथे नाव राखीव असण्याची भानगड नाही पण सोर्स द्यायची आहे. नोटो आणि दान हाँगचे ओएफएल. एका पॅकेजात दोन लायसन्स ठेवता येतात, बेकायदा काही नाही, पण कोणती फाईल कोणत्या लायसन्सखाली हे कॉपीराइट फाईलमधे एकेक करून लिहावं लागेल, आणि पुढे कोणी एक फॉन्ट वाढवला की ते विसरलं जाणार, नक्की. वेगळी पॅकेजेस कर.

अजून दोन जागा बघ ज्या कोणी बघत नाही. फॉन्टच्या आतच नेम टेबल असतं, त्यात १३ आणि १४ नंबरच्या नोंदी म्हणजे लायसन्सचा मजकूर आणि दुवा. कधी रिकाम्या असतात, कधी बाहेरच्या फाईलशी जुळत नाहीत, न जुळल्यास अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रोजेक्टला, विचार, आपल्या मनाने एकाला खरं धरू नकोस. दुसरी, ओएस-टू टेबलमधला एफएसटाइप, एम्बेडिंगची परवानगी सांगणारा आकडा. शून्य हवा. जुन्या फॉन्टमधे टूलने डीफॉल्ट टाकलेला काहीतरी वेगळाच आकडा राहून जातो, लायसन्स मोकळं आणि फॉन्ट म्हणतो मला पीडीएफमधे घालू नका. काही प्रोग्रॅम तो आकडा मानतात, मग पीडीएफमधे फॉन्ट जात नाही आणि लोक पीडीएफला शिव्या घालतात.

---

रूट_पण_गरीब
पॅकेज वेगळी करा हे बरोबर, पण किती वेगळी? फेडोराने खमेर ओएसची प्रत्येक वळणासाठी वेगळी सबपॅकेजेस केलीयेत, डेबियनमधे एक कोअर आणि एक बाकीचं असा मामला. मला डेबियनचं पटतं. डीफॉल्ट इन्स्टॉलमधे रोज लागणारे दोनतीन, नक्षीदार आणि हस्ताक्षरवाले ज्याला हवेत त्याने घ्यावेत. छोट्या डिस्ट्रोत माणूस एक आणि सबपॅकेजेस आठ हे कोण सांभाळणार.

आणि पॅकेजच्या स्क्रिप्टमधे एफसी-कॅश (फॉन्टची यादी ताजी करणारा प्रोग्रॅम) हाताने चालवला असशील तर काढ, आजकाल ट्रिगर असतो, युएसआर शेअर फॉन्ट्सखाली काही आलं की कॅश आपोआप होतो. उगाच दोनदा कशाला.

---

काना_मात्रा
@रूट_पण_गरीब हाताने चालवला होता 🙈 काढला.

@कलम_कसाई बघितलं, मी हात लावलेल्या फॉन्टमधे नाव राखीवच होतं. म्हणजे आठवडाभर मी लायसन्स मोडत होतो. बदललेला काढून मूळचा टाकला, ओळीत_बसेना म्हणतात तसं ख्मेर लोकेलमधे लॉगिन केलं, आणि कापणं बंद, मूळ फॉन्टनेच. म्हणजे माझी 'दुरुस्ती' कशाचीच दुरुस्ती नव्हती.

आता एकच मोठं राहिलं. मला वाचता येत नाही तर बरोबर दिसतंय की नाही हे ठरवू कसं? दर वेळी त्या बिचाऱ्याला स्क्रीनशॉट मागायचे का?

---

वळणावर_थांबा
हे मी दुसऱ्या एका लिपीसाठी केलंय, सांगतो, लांब होईल.

पहिलं म्हणजे डबा दिसला नाही म्हणजे बरोबर, हे डोक्यातून काढ. डबा ही सगळ्यात सोपी चूक, ती आंधळ्यालाही दिसते. खरी चूक म्हणजे सगळी अक्षरं आहेत पण जागेवर नाहीत. कल्पना कर की एखाद्या परदेशी माणसाने मराठीचा फॉन्ट तपासला आणि 'कि' मधली वेलांटी क च्या उजवीकडे आली, 'र्क' मधला रफार डोक्यावर न जाता पायमोडका र आणि शेजारी क असं आलं, त्याला दोन्ही छानच दिसेल. तुझं ख्मेरच्या बाबतीत तेच झालंय.

ख्मेर आपल्या लिपीची लांबची चुलत बहीण, पल्लव लिपीतून गेलेली, तेव्हा तुला निम्मं आधीच माहितीये, फक्त कुठे बघायचं ते कळायला हवं. तिथे तीन जागा बघ.

'ख्मेर' हाच शब्द घे. टाइप होतो असा: ख, पाय करणारं चिन्ह, म, मग मात्रेसारखा स्वर, मग र. स्क्रीनवर मात्र स्वर सगळ्यात डावीकडे यायला हवा, ख च्याही आधी, आपल्या पहिल्या वेलांटीसारखा. मग ख, त्याच्या खाली म चा पाय, मग र. स्वर ख आणि र च्या मधे दिसला तर शेपिंग, म्हणजे अक्षरं जागेवर लावणं, होत नाहीये, फॉन्ट कितीही चांगला असो.

मग र चा पाय. बाकीचे पाय खाली जातात, र चा पाय व्यंजनाच्या डावीकडे येऊन उभा राहतो. बाईसाठीचा शब्द 'स्रेइ' घे: स, चिन्ह, र, दीर्घ ईकार. दिसताना र चा पाय आधी, मग स, ईकार स च्या डोक्यावर. आपल्याकडे 'स्र' मधे र ची तिरकी काडी स च्या पोटाला लागते, तिकडे ती आधीच दारात येऊन थांबते. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारात यासाठी पीआरईएफ नावाचं फीचर असतं, फॉन्टमधे ते नसलं की र खाली लटकेल किंवा चिन्ह उघडं पडेल. ते चिन्ह उघडं दिसणं म्हणजे हमखास बिघाड, कारण आपला हलंत कधीकधी मुद्दाम दाखवतो, त्यांचं हे चिन्ह वाचकाला दिसायचंच नसतं.

तिसरं, दोन तुकड्यांचे स्वर. टाइप होतं एकच अक्षर, दिसताना एक तुकडा व्यंजनाच्या डावीकडे आणि दुसरा उजवीकडे किंवा वर. डावा तुकडा दोनदा आला किंवा आलाच नाही तर गडबड.

हे सगळं हार्फबझ या शेपिंग करणाऱ्या लायब्ररीच्या एचबी-व्ह्यू मधे बघ, एकेक शब्द देऊन, अॅप्लिकेशनमधे नको, कारण अॅप्लिकेशन गुपचूप दुसऱ्याच फॉन्टवर जातं आणि तुला वाटतं हाच फॉन्ट चालतोय. एचबी-व्ह्यूला फाईल दिलीस की तीच फाईल वापरतं. हार्फबझमधे ख्मेरसाठी वेगळा शेपर आहे, तो क्रम चुकला तर ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतो. वर्तुळ दिसलं की लगेच फॉन्टला दोष देऊ नकोस, आधी मजकूर तपास, टाइप करणाऱ्यानेच क्रम चुकवला असेल.

आणि हो, एक गंमत, ड आणि त या दोघांचे पाय दिसायला अगदी एकसारखे. म्हणजे एकच शब्द दोन प्रकारे टाइप केलेला असू शकतो, डोळ्याला फरक शून्य आणि सर्चमधे सापडत नाही. असा बग तुझ्याकडे आला तर तो फॉन्टचा नाही, हात झटक.

---

टोफूशत्रू
आता कामाचं विचारतो. लिमॉनमधे टाइप केलेल्या जुन्या फाईली लोक आणतात त्याचं काय? युनिकोडमधे ख्मेर १९९९ला, ३.० मधे आलं, पण तोवर आणि त्यानंतरही कितीतरी लिखाण लिमॉनसारख्या जुन्या फॉन्टमधे झालंय. आपल्याकडे शिवाजी आणि कृतीदेवचं जे झालं तेच.

---

रूट_पण_गरीब
नाही नाही नाही. ते या पॅकेजात नको. लिमॉनमधे इंग्रजी अक्षरांच्या जागी ख्मेरचे तुकडे बसवलेत, तो फॉन्ट काढला की उरतो नुसता इंग्रजी कचरा. त्याला कन्व्हर्टर लागतो, फॉन्ट नाही. शिवाय ओपन सोर्स पॅकेज म्हटल्यावर लायसन्स हातात असल्याशिवाय फाईल आत घ्यायचीच नाही. ख्मेर नसलेल्या जागी ख्मेर दाखवणारा फॉन्ट सिस्टिमभर टाकलास की पुढची पाच वर्षं बग बघत बसशील.

---

टोफूशत्रू
बरं बरं, नुसतं विचारलं.

---

काना_मात्रा
अपडेट देतो. @वळणावर_थांबा शंभर आभार, त्या तीन जागा तपासणारे शब्द मी पॅकेजच्या टेस्टमधेच घातले, बिल्ड झालं की एचबी-शेप चालतं आणि ग्लिफचा (अक्षराकृतींचा) क्रम आधीच्या चांगल्या निकालाशी ताडून बघतं. एक फॉन्ट त्यात नापास झाला, र चा पाय जागेवर येत नव्हता, आधी मी तो डोळ्याने 'छान दिसतोय' म्हणून पास केला होता. तो काढलाय, कोणता ते इथे लिहीत नाही, अपस्ट्रीमला कळवलंय.

आता तीन पॅकेजेस आहेत. एकात खमेर ओएस, खमेर ओएस सिस्टिम आणि कंटेंट, दुसऱ्यात खमेर ओएसचेच मुओल, फास्टहँड, बोकोर वगैरे हौसेचे, तिसऱ्यात दान हाँगचे. नोटो आधीच दुसऱ्या पॅकेजात होता तो तिथेच. फॉन्टकॉन्फिगमधे केएमसाठी आधी खमेर ओएस सिस्टिम, मग नोटो. हौसेच्या पॅकेजला फॉन्टकॉन्फिगमधे जागाच दिली नाही, ज्याला हवा तो नाव घेऊन निवडेल.

कंबोडियातल्या युजरने ख्मेर लोकेलमधे दोन दिवस वापरलं, म्हणतो पान ओरडायचं थांबलं, फाईलींची नावं पूर्ण दिसतात. दोन तक्रारी राहिल्या. एक, मोठी ओळ शब्दाच्या मधेच तुटते. ख्मेरमधे शब्दांच्या मधे जागा सोडत नाहीत, त्यामुळे कुठे तोडायचं हे प्रोग्रॅमला शब्दकोश बघून ठरवावं लागतं, किंवा टाइप करणाऱ्याने मधे झीरो विड्थ स्पेस (डोळ्याला न दिसणारी जागा) मारलेली असावी लागते. मी त्याला आयसीयू या लायब्ररीचं सांगितलं, त्यात ख्मेरचा शब्दकोश आहे, लिबरऑफिसमधे चालतं, त्याच्या छोट्या नोट्सच्या प्रोग्रॅममधे नाही. तो बग मी त्या प्रोग्रॅमकडे ढकलला.

दुसरी तक्रार, ठळक केलं की अक्षरांचे पोटातले गोल बुजतात.

---

ओळीत_बसेना
खमेर ओएस सिस्टिमला बोल्ड वेगळा नाहीच, सिस्टिम खोटा बोल्ड करतेय, रेघ फुगवून. ख्मेरच्या अक्षरात बारीक गाठी इतक्या की फुगवलं की चिखल. नोटोमधे खरे बोल्ड आहेत. क्रम उलटा कर, नोटो आधी.

---

रूट_पण_गरीब
उलटा करायच्या आधी त्याला विचार. त्याच्या डोळ्याला खमेर ओएसची सवय असेल तर तू एका बोल्डसाठी अख्ख्या सिस्टिमचा चेहरा बदलशील. तो रोज बघणार आहे, आपण नाही.

---

काना_मात्रा
विचारलं. तो म्हणतो मेन्यूला नोटो चालेल, लिहायला मात्र खमेर ओएस कंटेंटच हवा, नोटोचा साधा मजकूर त्याला 'फार सरळ' वाटतो. म्हणजे सान्सला नोटो आणि डॉक्युमेंटला कंटेंट. सेरिफच्या (डॉक्युमेंटच्या मजकुराचं वळण) अलियसमधे कंटेंट टाकून बघतोय, नवीन बिल्ड लावलंय, ३८ मिनिटं दाखवतंय.